चार पासपोर्ट आणि बेसनाचे लाडू

माझ्या पासपोर्टाला साजूक तुपाचा वास येतो. अतिशयोक्ती वाटत असेल तर घरी येऊन हुंगून जा. माझी बायको मुग्धा आणि मुलगी अनया, दोघींच्या पासपोर्टांनाही येतो. पण त्यात आमचा काही दोष नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. आईचा पासपोर्ट तोच वास घेऊन सांगलीला गेला.

झालं ते असं. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये माणूस पंधरा वर्षं राहिला की त्याला दोन हुक्क्या येतात. एक म्हणजे मागच्या अंगणात कढीपत्ता जगवायचा, आणि दुसरी म्हणजे आरव्ही घेऊन लांब कुठंतरी जायचं. (आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, सगळं आत. फक्त वळवताना हे सगळं आपल्यामागून येतंय हे लक्षात ठेवावं लागतं.) कढीपत्ता माझ्या हातून तीनदा मेला होता, त्यामुळे दुसऱ्या हुक्कीची पाळी आली.

निमित्त आईचं होतं. सहा महिन्यांसाठी आलेली आई पुढच्या बुधवारी परत जाणार होती, आणि तिची इथं राहण्याची मुदत त्यानंतर चारच दिवसांत संपत होती. एवढ्या मुक्कामात तिला आम्ही काय दाखवलं? भारतीय वाण्याचं दुकान, आमच्या मित्रांची घरं आणि माझं पार्किंग. थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली, तसा मला एकदम पुत्रधर्म आठवला.

"आई, तुला मेक्सिकोला नेतो. समुद्रावर. सान फेलिपे म्हणून गाव आहे."

"मला परत आत घेतील ना रे?"

"तुझ्या पासपोर्टावर अमेरिकेचा व्हिसा आहे ना? मग झालं तर! पासपोर्ट सांभाळला की काही प्रश्न येत नाही."

हे वाक्य मी उच्चारलं होतं, हे नंतर घरातल्या तिघींनी मला वेगवेगळ्या वेळी ऐकवलं.

एका मित्राची आरव्ही सहा दिवसांसाठी मिळाली. मेक्सिकोत चालवायची परवानगी, तिथला विमा, गाडीची कागदपत्रं असं सगळं मी तीन आठवडे खपून जमवलं आणि रंगीत फोल्डरमध्ये लावलं. निघायच्या दिवशी आई गाडीत चढली, तिनं ओट्यावरून हात फिरवला, मग शेजारचं दार उघडून पाहिलं आणि लगेच लावलं.

"हे काय?"

"टॉयलेट आहे, आई," मुग्धा म्हणाली.

"ओट्याला लागून? हात लांब केला तर लागतंय ते! इथं कुणी जायचं नाही. सांगून ठेवते."

"आई, अहो, दोन दिवसांचा रस्ता आहे."

"रस्त्यात गॅस स्टेशनं नाहीत का?"

आणि पुढच्या अर्ध्या तासात त्या टॉयलेटचं कोठीघर झालं! धुऊन-पुसून, वर फळी टाकून आईनं तिथं डबे लावले. सांगलीहून आणलेले स्टीलचे सात डबे, प्रत्येकावर 'सौ. कुसुम' असं कोरलेलं. शॉवरच्या नळाला कांद्यांची जाळी. आणि फळीवर मधोमध एक निळा, गोल, पत्र्याचा डबा. हा नाताळातल्या बटर बिस्किटांचा. आमच्याकडे तो दहा वर्षं आहे आणि त्यात बिस्किटं सोडून सगळं राहून गेलंय. या खेपेला त्यात बेसनाचे लाडू होते.

"चौघांना रोज एकेक," आईनं जाहीर केलं. "उरलेले मला विमानतळावर जाताना लागतील."

वाटेत एक मुक्काम करून गुरुवारी दुपारी आम्ही कॅलेक्सिकोची सीमा ओलांडली. पलीकडच्या मेक्सिकाली शहरातून दक्षिणेला अडीच तास वाळवंट कापलं आणि सान फेलिपेला समुद्राकाठच्या एका आरव्ही पार्कमध्ये पोचलो. समोर पाणी, वर ऊन, आजूबाजूला आमच्यासारखीच बिऱ्हाडं. आई, मुग्धा आणि अनया किनाऱ्यावर गेल्या. मी मागे राहिलो, कारण मला जबाबदारीचं काम होतं. चार पासपोर्ट लपवायचे होते.

विचार मी तर्कशुद्ध केला. गादीखाली? चोर आधी तिथंच बघतो. गाडीच्या खणात? तिथं तर तो सगळ्यात आधी बघतो. फ्रिजमध्ये? हल्ली चोरसुद्धा इंटरनेट वाचतात. मग कोठीघराकडे लक्ष गेलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लाडवाच्या डब्याच्या तळाशी! मेक्सिकन चोर बेसनाचा लाडू कशाला उचकेल? त्याला तो काय पदार्थ आहे हेच कळायचं नाही.

लाडू ताटात काढले. सगळ्या झिपलॉकच्या पिशव्यांत आईनं जिरं, मोहरी आणि सुकं खोबरं भरून ठेवलेलं, म्हणून पासपोर्ट बटरपेपरात गुंडाळले, तळाशी ठेवले आणि वर लाडू पुन्हा रचले. दोन मावेनात. ते खाल्ले. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण चौघांना माहीत असलेली जागा ही लपवायची जागा नसते, असं माझं ठाम मत होतं.

शेजारच्या जागेत एक जुना, तांबूस ट्रेलर उभा होता. त्यात मेक्सिकालीचं एक वयस्क जोडपं राहत होतं. नवरा दिवसभर गळ टाकून बसायचा. बायकोचं नाव एल्विरा. वय आईएवढंच, बांधा आईएवढाच आणि आवाज आईपेक्षा दोन पट्ट्या वर. आम्ही येऊन तासभर होतोय तोच या एल्विराबाई (हे नाव आईनं ठेवलं) एक निळं टवका उडालेलं भांडं घेऊन दारात हजर! भांड्यात दालचिनी घातलेली तांदळाची खीर.

अनया शाळेत तीन वर्षं स्पॅनिश शिकलेली. ती म्हणाली, "आज्जी, शी सेज वेलकम."

आईनं खीर चाखली. "वेलदोडा हवा होता. पण हात चांगला आहे बाईचा." मग भांडं घासलं, पुसलं आणि त्यात पातळ पोह्यांचा चिवडा काठोकाठ भरला. "जा गं अनू, देऊन ये. रिकामं भांडं परत पाठवायचं नसतं."

इथं आईचा एक हिशेब चुकला. ही रीत फक्त सांगलीतच असते, असं ती धरून चालली होती. अर्ध्या तासात तेच भांडं परत आलं, पपईच्या फोडी आणि वर तिखट-लिंबू. आईनं लिंबाचं लोणचं धाडलं. तिकडून भाजलेले मक्याचे दाणे आले. इकडून शुक्रवारी सकाळी थालीपीठ गेलं, तिकडून दुपारी चिंचेच्या गोळ्या आल्या. आमच्याकडून दडपे पोहे. त्यांच्याकडून घेवड्याची उसळ, 'यात मांस नाही' असा निरोप घेऊन. आई समुद्राकडे बघायचीसुद्धा बंद झाली. ती सारखी कांदा चिरत होती.

"आई, कुणीतरी थांबायला हवं ना," मुग्धा म्हणाली.

"ती थांबली की मी थांबते."

"त्यांनाही असंच वाटत असेल तर?"

"मग चांगल्या घरची आहे म्हणायची!"

अनया ने-आण करून दमली. "बाबा, धिस इज लिटरली अ वॉर," ती म्हणाली. मी खुर्चीत पाय पसरून हे सगळं बघत होतो आणि दोन संस्कृतींच्या मिलापावर एक छानशी पोस्ट मनात जुळवत होतो. लाडू सुरक्षित होते. आई तो डबा फक्त दुपारी उघडायची, वरून चार काढायची आणि लगेच बंद करायची.

शनिवारी संध्याकाळी एल्विराबाई घरी निघाल्या. रविवारी चर्चनंतर त्यांच्याकडे सगळं गोत जेवायला येणार होतं. जाताना त्यांनी आईला मिठी मारली आणि हातात एक भलं मोठं मातीचं भांडं दिलं, घरच्या मिरच्यांचं लोणचं घातलेलं. भांड्यासकट! परत करायची भानगडच नको, असं त्यांनी हातवारे करून सांगितलं.

त्या वेळी मी पार्कच्या सार्वजनिक न्हाणीघरापुढे टॉवेल घेऊन रांगेत उभा होतो. (आमच्या न्हाणीघरात कांदे होते.) परत आलो तेव्हा तांबूस ट्रेलर गेलेला होता आणि आई विजयी चेहऱ्यानं पायरीवर बसली होती.

"काय गं, एवढी खूश?"

"काही नाही रे. बाईला जाताना तोंड गोड करून पाठवलं."

मी म्हटलं, वा वा. आणि डोकं पुसायला आत गेलो.

रविवारी सकाळी दहाला आम्ही निघायच्या तयारीत होतो. पाण्याचा पाइप सोडवून, विजेची वायर गुंडाळून मी कोठीघराचं दार उघडलं. स्टीलचे सात डबे. कांद्याची जाळी. मधोमध मोकळी जागा, गोल.

"निळा डबा कुठाय?"

"लाडवाचा? एल्विराबाईंना दिला की," आई म्हणाली. "तिनं एवढं भांड्यासकट दिलं, मग मी लाडू काय हातात देऊ? पत्र्याचाच होता. स्टीलचा थोडाच दिला!"

ही गोष्ट नीट लक्षात घ्या. आजूबाजूला 'सौ. कुसुम' कोरलेले सात डबे होते. जग इकडचं तिकडं झालं असतं तरी आईनं त्यातला एक कुणाला दिला नसता. त्या सातांपैकी कुठल्याही डब्यात मी पासपोर्ट ठेवले असते तर ते आजन्म सुरक्षित राहिले असते. मी शोधून शोधून आठवा निवडला होता!

"सुहास, चेहरा का असा झालाय तुझा?" मुग्धानं विचारलं.

मी सांगितलं.

मग अनया म्हणाली, "यू पुट अवर पासपोर्ट्स इन द लाडूज?"

आई पलंगाच्या कडेला बसली. तिचा हात आपोआप पदराशी गेला. "म्हणजे माझाही त्यातच? आणि तो व्हिसा का काय तो?" मी मान हलवली. "बुधवारी विमान आहे रे माझं." आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "माझ्यामुळे झालं का हे सगळं? मी विचारायला हवं होतं डबा देताना."

खरं तर त्याच क्षणी मी 'नाही आई, माझ्यामुळे झालं' असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. दोन मिनिटं मी गप्प राहिलो आणि तिला तसं वाटू दिलं, कारण तेवढ्यापुरतं मला बरं वाटत होतं. इतर सगळ्या गोष्टींचं मला आता हसू येतं, त्या दोन मिनिटांचं येत नाही.

"आई, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता?" शेवटी मुग्धाच बोलली. "तुम्ही लाडूच दिलेत. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!"

बैल मान खाली घालून उभा होता.

पुढचं माझ्या डोक्यात भराभर सुरू झालं. आम्ही तिघं अमेरिकेचे नागरिक, आमची ओळख कशीतरी पटवता आली असती. पण आईचं काय? भारताची वकिलात कुठल्या शहरात, नवा पासपोर्ट किती दिवसांत, त्यावर व्हिसा कोण देणार? गुडघे दुखणारी बाहत्तर वर्षांची बाई परक्या देशात हॉटेलात बसवून ठेवायची? त्यात भर म्हणजे एल्विराबाईंचं आडनाव, पत्ता यातलं काहीही आम्हाला ठाऊक नव्हतं.

"फोन करा की तिला," आई म्हणाली.

"नंबर कुठाय आपल्याकडे?"

"माझ्याकडे आहे ना! काल सकाळी सुप्रभात पाठवलंय तिला."

खरंच पाठवलं होतं! आईच्या व्हॉट्सॲपवर 'एल्विराबाई मेक्सिको' या नावाखाली दव पडलेला गुलाब होता, वर 'शुभ सकाळ' लिहिलेलं. त्याखाली तिकडून उलट टपाली आलेलं मेरीमातेचं चित्र, सोनेरी किरणांसकट. मग आईचा गणपती. मग तिकडचं कबूतर. दोघींना एकमेकींच्या भाषेतला एक शब्द कळत नव्हता आणि संभाषण मात्र व्यवस्थित चाललं होतं.

अनयानं निरोप धाडला. वीस मिनिटं काहीच नाही. मी गाडीभोवती चार प्रदक्षिणा घातल्या. मग टुण्‌ करून पत्ता आला आणि मागोमाग अडीच मिनिटांचं ध्वनिमुद्रण. मागे घंटा वाजत होत्या.

"काय म्हणतायत?"

"दे आर ॲट चर्च. शी सेज, या, सगळे जेवायला या."

"अगं, पासपोर्टाचं काय म्हणाल्या?"

"नथिंग. लाडवाचा डबा टेबलवर ठेवलाय म्हणाली. सगळे आले की उघडणार."

म्हणजे आता ही शर्यत होती. तिकडे चर्च सुटून गोत टेबलाशी बसणार आणि इकडे अठ्ठावीस फुटांचं घर वाळवंटातून हाकत मी निघालेलो. मी ॲक्सिलरेटर दाबला. मागून स्टीलचे सात डबे एकसुरात खडखडू लागले.

मेक्सिकालीच्या अलीकडे रस्त्यावर लष्कराची चौकी आहे. येणाऱ्या गाड्या थांबवतात, आत डोकावतात आणि सोडतात. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, सैनिकानं आम्हाला कडेला घेतलं आणि कागद मागितले. मी रंगीत फोल्डर पुढे केलं. त्यात गाडीचा विमा होता, परवानगी होती, टायरांची हमीपत्रंसुद्धा होती. त्यानं सगळं चाळलं आणि पासपोर्ट मागितले.

"अनया, सांग त्याला."

"काय सांगू?"

"खरं ते सांग."

अनयानं सांगितलं. सैनिकानं तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग त्यानं दुसऱ्याला बोलावलं आणि त्याच्यासाठी तिसऱ्यांदा. दुसरा गाडीत चढला आणि थेट टॉयलेटचं दार उघडून उभा राहिला. फळीवर डबे, नळाला कांदे, कमोडवर मिरच्यांच्या लोणच्याचं मातीचं भांडं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. आजवर माझ्याकडे कुणी इतक्या सहानुभूतीनं पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात आईनं एक डबा उघडून दोघांच्या हातावर मूठमूठ चिवडा ठेवला. (लाच म्हणून नव्हे. दारी आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही, इतकंच.) अनयानं एल्विराबाईंचा ध्वनिमुद्रित निरोप ऐकवला. तो ऐकून दोघं हसायला लागले आणि जा, जा म्हणून त्यांनी हात केला.

"काय म्हणाले गं?"

"दे सेड हरी अप, बाबा. आजीच्या घरी डबा उघडला की पाच मिनिटांत संपतो म्हणाले."

एल्विराबाईंची गल्ली आरव्हीसाठी बांधलेली नव्हती. दोन्हीकडे गाड्या, वर तारा, मध्ये एक कुत्रं आडवं पडलेलं. मी अर्ध्यात शिरलो आणि अडकलो. पुढे जाता येईना, मागे येता येईना. दारादारांतून माणसं बाहेर आली आणि सगळी एकाच वेळी मला दिशा दाखवायला लागली. त्या क्षणी मला माझं गाव आठवलं. आई दार उघडून खाली उतरली आणि साडी सावरत चालायला लागली.

"आई, थांब! मला गाडी तरी लावू दे!"

"तू लाव. लाडू संपतील!"

तिच्यामागे मुग्धा, तिच्यामागे अनया. मी आरव्ही आहे तिथंच सोडली (तिला कोण नेणार होतं?) आणि धावलो. घरात पोचलो तेव्हा टेबलाभोवती पंधरा-वीस माणसं होती. मधोमध निळा डबा उघडा. आत सात-आठ लाडू, एका बाजूला सरकलेले, आणि तळाचा पत्रा लख्ख दिसत होता. बटरपेपर नाही. पासपोर्ट नाहीत. एक काका बोटं चाटत होते.

मी नुसता डब्याकडे बोट दाखवत उभा राहिलो. एल्विराबाईंनी मला दंडाला धरलं आणि आतल्या खोलीत नेलं. तिथं कोपऱ्यात मेरीमातेची मूर्ती होती, पुढे फुलं, एक मेणबत्ती, विजेचं बिल, कुणाच्या तरी औषधाची चिठ्ठी, आणि त्यावर नीट रचून ठेवलेले चार पासपोर्ट. वरच्या पासपोर्टावर बेसनाचा एक कण होता.

अनयानं भाषांतर केलं. "शी सेज, महत्त्वाचे कागद ती नेहमी इथंच ठेवते. आपण येणार हे माहीत होतं, म्हणून मुद्दाम मेसेज नाही केला."

आईनं मूर्तीला हात जोडले. आपला पासपोर्ट उघडून फोटो पाहिला, व्हिसा पाहिला आणि पिशवीत घातला. डोळे पुसले. मग ती माझ्याकडे वळली.

"बघ! आपल्याकडेही लाइटबिल देवापाशीच असतं. लाडवात ठेवतं का कुणी?"

"चुकलं, आई. तुझं काही चुकलं नव्हतं. सगळं माझंच होतं," मी म्हणालो. तिनं माझ्या पाठीवर एक धपाटा घातला. तो मला हवाच होता.

माझ्या मते आता निघायला हरकत नव्हती. पण माझं मत विचारतो कोण? लाडू संपले होते (शेवटचे आम्ही उभे असतानाच संपले) आणि निळा डबा रिकामा होता. एल्विराबाईंनी तो छातीशी धरला आणि मान हलवली. रिकामा डबा परत? त्यांच्या घरातून? त्यांनी ओव्हन पेटवला.

"आई, सीमेवर तीन तासांची रांग असते," मी काकुळतीला आलो.

"ती बाई आपले पासपोर्ट देवापाशी ठेवते आणि तू तिला घाई करतोस?" आई बाह्या सरसावत म्हणाली आणि पीठ मळायला तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

दीड तास लागला. गोल पोळ्या, आत गुळाचं सारण, खरपूस भाजलेल्या. आईनं एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि एल्विराबाईंचा हात धरला. "अगं, ही तर गुळपोळी!" अनया भाषांतर करायला पुढे झाली, पण कुणी तिला विचारलं नाही. बाहेर तोवर गल्लीतल्या लोकांनी माझ्या खिशातल्या किल्ल्या मागून आरव्ही माझ्याविना बाहेर काढून, वळवून, सीमेकडे तोंड करून ठेवली होती. एक ओरखडा नाही.

सीमेच्या रांगेत तीन तास गेले. आईनं पासपोर्टाची पिशवी एकदाही मांडीवरून हलवली नाही. शेवटी खिडकी आली. तरुण, गंभीर अधिकारी. त्यानं पहिला पासपोर्ट यंत्रात घातला. यंत्रानं नकार दिला. त्यानं पान पुसलं, पुन्हा घातलं. पुन्हा नकार. त्यानं आपली बोटं एकमेकांवर चोळली, नाकाशी नेली आणि विचारलं, "सर, हे काय आहे?"

"तूप," मी म्हणालो. "म्हणजे लोणीच. कढवलेलं."

"पासपोर्टाला लोणी का लागलंय?"

मी सांगितलं. बेसन, बटरपेपर, चोर, एल्विराबाई, मेरीमाता. त्यानं सगळं न हसता ऐकलं. मागच्या सीटवर तिघी श्वास रोखून बसल्या होत्या. त्यानं चारही पासपोर्ट कागदी रुमालानं एकेक करून स्वच्छ पुसले, हातानं नंबर टंकले, आईचा व्हिसा दोनदा तपासला, डबा उघडून गुळपोळ्या पाहिल्या. मग 'वेलकम बॅक, मॅम' म्हणत आधी आईचा पासपोर्ट तिच्या हातात दिला. आईनं सोडलेला निःश्वास मला पुढच्या सीटवर ऐकू आला.

माझा पासपोर्ट त्यानं थोडा वेळ हातातच ठेवला.

"एकच विचारतो, सर. पासपोर्ट तिथं ठेवायची कल्पना कुणाची?"

"माझी."

"आणि तुम्ही काम काय करता?"

मी आरशात मागे पाहिलं. मुग्धा खिडकीबाहेर बघायला लागली. अनयानं जॅकेटची टोपी नाकापर्यंत ओढली. सरकारी अधिकाऱ्यापुढे खोटं बोलायची सोय नव्हती, त्यामुळे मी घसा साफ केला आणि खरं ते सांगितलं. मी एका मोठ्या कंपनीत माहिती-सुरक्षा विभागाचा प्रमुख आहे. आपल्या महत्त्वाच्या गोष्टी कुठं ठेवाव्यात, हे लोक मला विचारतात.